बीबीसी मायक्रो आणि नकाशा मोजणारा हात : एका शाळेतलं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातली माध्यमिक शाळा. गावाचं, शाळेचं आणि माणसांची नावं इथे वगळली आहेत. यंत्राचे तपशील जसेच्या तसे ठेवले आहेत. १९८४ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा शालेय संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला, तेव्हा निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश संगणक मिळाला. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने तो डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आणला होता. दोन मेगाहर्ट्झवर चालणारा ६५०२ प्रोसेसर, ३२ किलोबाइट मेमरी आणि चालू करताच समोर येणारी बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा. आमच्या शाळेतलं यंत्र याच योजनेतलं. मी त्याच शाळेचा विद्यार्थी, आणि आता इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं काम करतो.

संगणकाच्या खोक्यातच एक वेगळं उपकरण होतं. अ‍ॅक्रिलिकच्या दोन पट्ट्यांचा हात, एक टोक जड बैठकीला जोडलेलं, मध्ये एक सांधा, आणि मोकळ्या टोकाला फुलीची रेघ असलेलं छोटं भिंग. बैठकीवरच्या सांध्याला आम्ही खांदा म्हणायचो, मधल्याला कोपर. दोन्ही सांध्यांत एकेक पोटेन्शिओमीटर, म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तसला पॉट. सांधा फिरला की पॉट फिरतो, व्होल्टेज बदलतं, आणि संगणक त्या व्होल्टेजवरून कोन ओळखतो. दोन कोन आणि पट्ट्यांच्या दोन लांब्या कळल्या की भिंगाखालचा बिंदू कागदावर नेमका कुठे आहे ते काढता येतं. १९८० च्या दशकात घरगुती संगणकांसाठी असे हात विकत मिळत. माउस आणि स्कॅनर घरोघरी पोचण्याआधी कागदावरची आकृती संगणकात नेण्याचा हा परवडणारा मार्ग होता.

बीबीसी मायक्रोवर हे सोपं असण्याचं कारण त्याच्या पाठीमागचा पंधरा पिनांचा अ‍ॅनॉलॉग पोर्ट. चार वेगवेगळी व्होल्टेज मोजणारी चिप यंत्रातच बसवलेली होती. पुण्यात परवान्यावर तयार होणाऱ्या स्पेक्ट्रम प्लस या घरगुती संगणकाला अशी सोय नव्हती. तिथे असला हात लावायचा तर मोजणी करणारं सर्किट बाहेरून जोडावं लागे.

भूगोलाचे सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली आहेत. शाळेच्या वर्धापनदिनाच्या प्रदर्शनात जुना संगणक ठेवायचं ठरलं, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी सरांना विचारलं आणि सरांनी मला बोलावलं. त्यांची अट स्पष्ट होती. “काचेत ठेवायचा असेल तर माझी गरज नाही. मुलांनी लोणारच्या विवराचं क्षेत्रफळ यावर मोजलं पाहिजे. आणि उत्तर बरोबर आलं पाहिजे.”

लोणार निवडण्यामागे सरांचा विचार होता. बुलढाणा जिल्ह्यातलं हे बेसाल्टमधलं उल्काघाती विवर जवळजवळ गोल आहे, काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. म्हणजे वर्तुळाच्या सूत्राने सुमारे अडीच चौरस किलोमीटर हे उत्तर मुलांना आधीच काढता येतं. यंत्राचं उत्तर त्याच्या आसपास आलं नाही, तर चूक लगेच कळते.

पहिला निर्णय : बटण दाबायचं की नाही

बरीच वर्षं बंद असलेलं यंत्र समोर आलं की पहिली ओढ असते ती चालू करून बघण्याची. प्रयोगशाळेतल्या मामांनी तर वायर आधीच सॉकेटपर्यंत आणून ठेवली होती. मी ती बाजूला केली. या संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्स फिल्टरचे कागदी कपॅसिटर असतात. त्यांच्या पारदर्शक आवरणाला वयानुसार तडे जातात, आत ओल शिरते, आणि २३० व्होल्ट मिळाल्यावर थोड्या वेळात ते धूर सोडत फुटतात. सप्लाय उघडल्यावर तडे डोळ्यांनी दिसत होते. ते काढून नवे, त्याच सुरक्षा वर्गाचे कपॅसिटर लावले. मग सप्लाय संगणकापासून सुटा करून, त्यावर थोडा भार देऊन पाच व्होल्ट तपासले, आणि त्यानंतरच मदरबोर्ड जोडला.

संगणक पहिल्याच वेळी सुरू झाला. कंपोझिट व्हिडिओची वायर एका जुन्या टीव्हीला लावली. चित्र काळं-पांढरं, पण स्वच्छ.

हाताबरोबरची कॅसेट मात्र बुरशीने गेलेली होती आणि माहितीपुस्तिका सापडली नाही. मूळ प्रोग्रॅम शोधत बसायचं, की स्वतः लिहायचा? मी लिहायच्या बाजूने होतो. मूळ प्रोग्रॅम चित्रं काढण्यासाठी असण्याची शक्यता जास्त होती. आम्हाला क्षेत्रफळ हवं होतं. शिवाय मुलांना दाखवायचं होतं ते हेच की दोन कोनांतून एक बिंदू कसा निघतो. नववी-दहावीच्या साइन आणि कोसाइनचा इतका सरळ उपयोग दुसरा मला माहीत नाही. खांद्याच्या कोनाने आणि पहिल्या पट्टीच्या लांबीने कोपर कुठे आहे ते कळतं. त्या कोनात कोपराचा कोन मिळवून दुसरी पट्टी मांडली की टोक कुठे आहे ते कळतं. बेसिकमध्ये या दोन ओळी आहेत. फक्त अंशांचं रूपांतर रेडियनमध्ये करायला विसरायचं नाही.

अडचण

प्रोग्रॅमचा पहिला मसुदा चालला. भिंग हलवलं की पडद्यावर ठिपका हलत होता, मुलं खूश होती. मग सरांनी आलेख कागद ठेवला, एका फुलीवर भिंग टेकवून चिकटपट्टीने हात जागेवर धरला आणि पडद्यावरचे आकडे वहीत उतरवायला लावले.

आकडे जागेवर थांबत नव्हते. बारीक थरथर अपेक्षित होती, पण ही थरथर नव्हती. आकडे एकाच दिशेने सावकाश चढत होते. संगणक चालू केल्यापासून तासाभरात तोच न हललेला बिंदू पडद्यावर सेंटिमीटरभराहून जास्त सरकला. दहा बाय दहा सेंटिमीटरच्या चौरसाचं क्षेत्रफळ सकाळी एक, जेवणाच्या सुट्टीनंतर दुसरं. मधे लाइट जाऊन आली की आकडे पुन्हा खाली येऊन नव्याने चढायला लागत.

ही शेवटची गोष्ट सर्वांत उपयोगी ठरली. पॉट झिजला असता किंवा सांधा सैल असता तर लाइट गेल्याने तो सुधारला नसता. यंत्र थंड झालं की आकडा परत येतो, म्हणजे गोष्ट उष्णतेची होती.

निदान

मल्टिमीटर घेऊन खांद्याच्या पॉटच्या मधल्या पायावरचं व्होल्टेज मोजलं. ते स्थिर होतं, ०.९ व्होल्टच्या जवळ, आणि तासाभराने जवळपास तेवढंच. तरीही पोर्टवरचं मोजमाप वाचून देणाऱ्या बेसिकमधल्या अ‍ॅडव्हॅलचा आकडा चढत होता. मोजली जाणारी वस्तू बदलत नाही आणि मोजमाप बदलतं, तर मग पट्टीच आकसत असली पाहिजे.

इथे बीबीसी मायक्रोची रचना समजून घ्यावी लागते. व्होल्टेज मोजणारी चिप, मायक्रोपीडी ७००२, येणाऱ्या व्होल्टेजची तुलना एका संदर्भ व्होल्टेजशी करते. हे संदर्भ व्होल्टेज तीन साधे सिलिकॉन डायोड एकापुढे एक जोडून मिळवलेलं आहे, सुमारे १.८ व्होल्ट. डायोड गरम झाला की त्यावरचं व्होल्टेज दर अंशाला साधारण दोन मिलिव्होल्टने उतरतं. तिघांचे मिळून सहा. बंद पेटीत तापमान दहा अंशांनी वाढलं तर संदर्भ साठ मिलिव्होल्टने, म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त, खाली येतो. त्याच प्रमाणात आकडा वर जातो. २७० अंश फिरणारा पॉट मध्यावर, म्हणजे १३५ अंशांवर उभा असेल तर ही चूक साडेचार अंशांच्या आसपास भरते, आणि खांद्यापासून वीस सेंटिमीटरवर साडेचार अंश म्हणजे दीड सेंटिमीटर. पोर्टच्या पिन १४ (संदर्भ) आणि ८ (अ‍ॅनॉलॉग ग्राउंड) यांच्यात मीटर लावून ठेवल्यावर संदर्भ उतरताना प्रत्यक्ष दिसला.

मग याच पोर्टला लावले जाणारे खेळांचे जॉयस्टिक असे भरकटत का नव्हते? कारण जॉयस्टिकचा पॉट त्याच संदर्भ व्होल्टेजवर चालवायचा असतो. पोर्टवर ते मुद्दाम बाहेर काढून दिलेलं आहे. संदर्भ उतरला की पॉटवरचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरतं, आणि चिपला दिसणारं गुणोत्तर तसंच राहतं. ही रचना साधी आणि नेटकी आहे. अट एकच, की पॉटला वीज तिथूनच मिळाली पाहिजे.

आमच्या हाताचा प्लग उघडला. दोन्ही पॉटना वीज पिन १ वरून, म्हणजे पाच व्होल्टवरून दिलेली होती, प्रत्येकाच्या वाटेत १८ किलोओहमचा रेझिस्टर घालून. पॉट १० किलोओहमचे. हिशेब केला तर पॉटच्या वरच्या टोकावर १.७९ व्होल्ट येतात, म्हणजे थंड यंत्रात आकडे अगदी बरोबर दिसणार. ज्या कुणी हे केलं त्याला सर्किटची जाण होती. त्याने एक तास थांबून पुन्हा मोजलं नसावं, एवढंच. शिवाय परतीची वायर अ‍ॅनॉलॉग ग्राउंडऐवजी साध्या शून्य व्होल्टच्या पिनवर होती, त्यामुळे डिजिटल भागाचा गोंगाटही मोजमापात मिसळत होता.

पर्याय

या टप्प्यावर आम्ही चौघं बसलो : सर, मी, गणिताच्या बाई आणि मामा. पर्याय बरेच होते आणि प्रत्येकाला कुणी ना कुणी पाठीराखा होता.

मामांचं म्हणणं सोपं होतं, यंत्र तासभर आधी चालू करून ठेवू. डायोड एकदा तापून स्थिर झाले की आकडेही थांबतात, हे खरंच आहे. पण लोडशेडिंगचा भरवसा नाही, आणि तासिका पस्तीस मिनिटांची. मधेच लाइट गेली तर सगळा वर्ग यंत्र तापायची वाट बघत बसणार.

गणिताच्या बाईंनी सुचवलेली युक्ती खरोखर चांगली होती. पोर्टला चार मार्ग आहेत, आपण दोनच वापरतो. तिसऱ्या मार्गावर पाच व्होल्टवरूनच एक ठरावीक व्होल्टेज द्यायचं, ते प्रत्येक वेळी मोजायचं, आणि हाताच्या दोन्ही आकड्यांना त्याने भागायचं. संदर्भ कितीही उतरला तरी भागाकार बदलत नाही. गणिताने हे बिनचूक आहे, आणि हाताच्या वायरिंगमधला सोल्डरचा एकही टाका न उसवता होण्यासारखं आहे. वर्गात शिकवायलाही छान. मी याच्या विरोधात बोललो, कारण प्लगमध्ये पडलेली चूक तशीच ठेवून तिच्याभोवती प्रोग्रॅम गुंडाळायचा होता. दहा वर्षांनी दुसरा कुणी हा हात वेगळ्या प्रोग्रॅमने चालवू लागला, तर त्याच्यासमोर तोच गोंधळ पुन्हा उभा राहणार. मार्ग दोनाचे तीन झाल्याने वेगही उतरणार होता.

मदरबोर्डवरचे डायोड काढून स्थिर संदर्भाची आधुनिक चिप बसवणं हा तिसरा रस्ता. सरांनी तो लगेच बाद केला. योजनेतून आलेलं मूळ यंत्र आहे, त्याच्या बोर्डाला हात लावायचा नाही. मला तेव्हाही हे पटलं होतं आणि आताही पटतं. सप्लायमधले कपॅसिटर बदलणं सुरक्षिततेसाठी अटळ होतं. हे तसं नव्हतं.

माझ्या एका मित्राने फोनवर सांगितलं की सांध्यांत कोन थेट आकड्यात देणारे डिजिटल एन्कोडर लाव, छोटा मायक्रोकंट्रोलर ठेव, आणि संगणकाला आयते आकडे पाठव. अचूकता कितीतरी वाढली असती. पण मग बीबीसी मायक्रो फक्त पडदा उरला असता, आणि मुलांना दाखवायचं होतं ते त्याचं मोजणं.

उरला तो शेवटचा पर्याय : प्लगमधले रेझिस्टर काढायचे, वायर पिन १ वरून १४ वर आणायची, परतीची वायर ८ वर. काम चार टाक्यांचं. उलट फिरवायचं तर तेही चार टाक्यांत होतं. एक शंका होती, की दोन पॉटच्या भाराने संदर्भच खाली बसेल का. १० किलोओहमचा एक पॉट १.८ व्होल्टवर ०.१८ मिलिअँपिअर घेतो, दोन मिळून ०.३६. त्याने संदर्भ थोडा उतरला तरी चिपही तोच उतरलेला संदर्भ वापरणार, त्यामुळे गुणोत्तराला धक्का नाही. हाच पर्याय ठरला.

केलेली कामं

वायर बदलण्याचं काम संगणक बंद करून, प्लग बाहेर काढून केलं. पुन्हा जोडल्यावर सरांनी तोच प्रयोग लावला : फुलीवर भिंग, चिकटपट्टी, वही. तासाभरात बिंदूचं सरकणं थरथरीच्या आत बुडालं होतं.

आता थरथरीकडे वळता आलं. चिप १२ बिटांचं उत्तर देते, म्हणजे ४०९६ पायऱ्या. अ‍ॅडव्हॅल त्याला १६ ने गुणून ० ते ६५५२० असा आकडा दाखवतो. प्रत्यक्षात खालचे दोन-तीन बिट स्थिर नसतात. दहा बिट विश्वासाचे धरले तर २७० अंश फिरणाऱ्या पॉटमध्ये एक पायरी पाव अंशाची होते, आणि हात तीस सेंटिमीटर ताणलेला असताना पाव अंश म्हणजे साधारण सव्वा ते दीड मिलिमीटर. नकाशासाठी हे जास्त आहे. उपाय उघड होता, अनेक वाचनांची सरासरी.

इथे एक सापळा आहे आणि तो सविस्तर सांगण्यासारखा आहे. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम मागच्या मागे सतत मोजत असते आणि शेवटचं उत्तर साठवून ठेवते. १२ बिटांच्या एका मोजणीला सुमारे दहा मिलिसेकंद लागतात. चारही मार्ग चालू असतील तर एका मार्गाची पाळी चाळीस मिलिसेकंदांनी येते. अ‍ॅडव्हॅल फक्त साठवलेलं उत्तर देतो. त्यामुळे बेसिकच्या घट्ट लूपमध्ये सोळा वेळा अ‍ॅडव्हॅल विचारला तर बऱ्याचदा तेच एक उत्तर पुन्हा पुन्हा हातात येतं. सरासरी घेतल्याचं समाधान मिळतं, थरथर जागच्या जागी. यावर दोन गोष्टी केल्या. स्टार-एफएक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आज्ञेने, १६,२ देऊन, दोनच मार्ग चालू ठेवले. आणि प्रत्येक वाचनाआधी स्टार-एफएक्स १७ ने नवी मोजणी सुरू करून, ती पूर्ण होईपर्यंत अ‍ॅडव्हॅल (०) या वाचनाच्या वरच्या बाइटवर नजर ठेवली. तिथे मार्गाचा क्रमांक उमटला की मगच आकडा उचलायचा. अशा सोळा खऱ्या वाचनांची सरासरी घेतल्यावर थरथर जवळपास चौथ्या हिश्श्यावर आली. एका बिंदूला अर्ध्या सेकंदाच्या आत वेळ लागतो. बिंदू हाताने टिपायचा असल्याने तो कुणाला जाणवत नाही.

बिंदू टिपायचा कसा, हाही निर्णय घ्यावा लागला. भिंगाजवळ एक खटका होता, पण तो दाबताना बोटाच्या जोराने भिंगच हलत होतं. म्हणून एक मुलगी भिंग धरेल आणि दुसरी स्पेसबार दाबेल असं केलं. दोघींना एकमेकींना सांगत काम करावं लागतं, “धरलं”, “घेतलं”, आणि त्यात बिंदू सुटत नाहीत. रेघेवरून भिंग फिरवत आपोआप बिंदू घेत राहणं आम्ही टाळलं. सरासरीच्या वेळात भिंग पुढे सरकतं आणि वळणं बोथट होतात.

कोपराच्या पॉटमध्ये एका विशिष्ट कोनाला आकडा उडी मारत होता. पूर्वीच्या वापराने कार्बनचा पट्टा तिथे झिजलेला असणार. कॉन्टॅक्ट क्लीनरने उडी कमी झाली, गेली नाही. नवा पॉट लावायचा की जुना ठेवायचा यावर मी बराच विचार केला. शेवटी पॉटचं नट सैल करून त्याचं अंग काही अंश फिरवलं, त्यामुळे झिजलेली जागा आमच्या कामाच्या कोनांच्या बाहेर गेली. मूळ भाग जागेवर राहिला.

मग अंशांकन, म्हणजे आकडे खऱ्या कोनांशी जुळवणं. पट्ट्यांच्या लांब्या सांध्याच्या मध्यापासून सांध्याच्या मध्यापर्यंत स्टीलच्या पट्टीने घेतल्या. गुण्या लावून हात शून्य आणि नव्वद अंशांवर उभा केला आणि दोन्ही ठिकाणचे आकडे घेतले; त्यांच्यातल्या फरकावरून एका अंशाला किती पायऱ्या ते निघालं. हे खांद्यासाठी एकदा, कोपरासाठी एकदा. त्यानंतर पाच-पाच सेंटिमीटरवरच्या फुल्यांचा कागद ठेवून प्रत्येक फुली मोजली. मधल्या भागात चूक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास होती, पण उजव्या वरच्या कोपऱ्यात ती दोन मिलिमीटरांवर गेली. तिथे हात पूर्ण ताणला जातो आणि खांद्याचा पॉट आपल्या टोकाजवळ येतो, जिथे त्याची चाल सरळ राहत नाही. त्या कोपऱ्यासाठी दुरुस्तीचा तक्ता करता आला असता. आम्ही कागदाची जागाच वीस बाय वीस सेंटिमीटरला बांधून घेतली, कोपर काटकोनाच्या आसपास राहील अशी, आणि टेबलावर चिकटपट्टीने तिच्या कडा आखल्या.

मेमरीची ओढाताण होईल असं वाटलं होतं, ती झाली नाही. डिस्क नसलेल्या यंत्रात मोड ४ हा पडद्याचा प्रकार निवडला तर प्रोग्रॅम आणि डेटासाठी मिळून १८,९४४ बाइट मोकळे राहतात. बेसिकमधली एक दशांश संख्या पाच बाइटांची, म्हणजे एका बिंदूला दहा. चारशे बिंदू ठेवूनही जागा उरते. प्रोग्रॅम कॅसेट पोर्टमधून लॅपटॉपवर ध्वनी म्हणून साठवला, १२०० बॉडने, म्हणजे सेकंदाला १२०० बिटांच्या वेगाने.

क्षेत्रफळाची रीत गणिताच्या बाईंनी फळ्यावर मांडली. एका बिंदूचा एक्स गुणिले पुढच्याचा वाय, वजा पुढच्याचा एक्स गुणिले याचा वाय. सगळ्यांची बेरीज, तिचं निम्मं. उत्तर ऋण आलं तर मुलं उलट दिशेने फिरली एवढाच त्याचा अर्थ. रेघ स्वतःलाच ओलांडून गेली तर मात्र एक भाग दुसऱ्यातून वजा होतो, म्हणून प्रोग्रॅम मोजता मोजता पडद्यावर रेघ काढतो. ओलांडणी लगेच डोळ्यांना दिसते.

नकाशाचा स्वतःचा प्रश्न

१:५०,००० च्या टोपोशीटवर, म्हणजे सविस्तर भूनकाशावर, लोणारचं विवर जेमतेम ३.६ सेंटिमीटरचं. अर्ध्या मिलिमीटरची चूक तिथे क्षेत्रफळात दोन-तीन टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणून सरांनी काठ ट्रेसिंग पेपरवर उतरवला आणि झेरॉक्सवर दोनदा दुप्पट करून आणला. आता व्यास साडेचौदा सेंटिमीटरच्या घरात आला आणि कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरच्या सव्वाशे मीटरचा झाला.

निदान कागदावर तरी. झेरॉक्स यंत्राचे २०० टक्के हे नेमके २०० नसतात, आणि आडवं-उभं प्रमाणही सारखं असेलच असं नाही. सरांनी ट्रेसिंग करतानाच नकाशाची रेषीय प्रमाणपट्टी दोनदा उतरवली होती, एकदा आडवी आणि एकदा उभी. मोठ्या झालेल्या कागदावर त्या दोन्ही पट्ट्या आम्ही हातानेच मोजल्या आणि प्रमाण त्यांवरून घेतलं. या प्रकरणातला मला सर्वांत आवडलेला निर्णय हाच. त्याने झेरॉक्सची चूक तर गेलीच, पण अंशांकनात जी बारीक सरसकट चूक उरली असेल तीही बरीचशी कापली गेली, कारण प्रमाणपट्टी आणि विवर दोन्ही त्याच हाताने मोजलं होतं.

निष्पत्ती

दहा सेंटिमीटरचा चौरस आता कुठल्याही वेळी एक टक्क्याच्या आत येतो. विवराच्या काठाचं क्षेत्रफळ मुलांच्या वेगवेगळ्या जोड्यांनी मोजलं, आणि सगळी उत्तरं अडीच चौरस किलोमीटरच्या आसपास, एकमेकांपासून थोड्याशाच अंतराने आली. नववीच्या एका गटाने तोच कागद आलेखाचे चौकोन मोजून तपासला. त्यांचं उत्तर यंत्राशी जुळलं, वेळ मात्र कितीतरी जास्त लागला. सरांनी दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी लिहून ठेवायला लावली.

प्रदर्शनात एका पालकाने विचारलं की फोनवरच्या नकाशावर बोट फिरवून हे क्षणात निघतं, मग एवढी खटपट कशाला. उत्तर त्या मोजणाऱ्या मुलीने दिलं. फोन उत्तर सांगतो, पण ते कुठून आलं ते दाखवत नाही. इथे मला कोपराचा कोन दिसतो. मला यात भर घालण्यासारखं काही वाटलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

संदर्भ व्होल्टेज सर्वांत आधी मोजता आलं असतं, प्रोग्रॅमची पहिली ओळ लिहिण्याआधी. अनोळखी प्लग पोर्टला लावण्यापूर्वी उघडून बघण्याची पाळी खरं तर तेव्हाच होती. आमच्या प्लगमध्ये रेझिस्टर होते म्हणून निभावलं. ते नसते तर चिपच्या मार्गांवर थेट पाच व्होल्ट गेले असते आणि पॉटचा जेमतेम पहिला तिसरा भाग मोजता आला असता, पुढे सगळीकडे ६५५२०.

कागदाची जागा लहान करून आम्ही वाकड्या चालीचा प्रश्न बाजूला ठेवला, सोडवला नाही. मोठा नकाशा मोजायचा झाला तर दर पंधरा अंशांनी पॉटचा आकडा घेऊन तक्ता करावा लागेल आणि मधल्या किमती प्रमाणाने काढाव्या लागतील. मेमरीत त्याला जागा आहे. गणिताच्या बाईंचा तिसऱ्या मार्गाचा विचारही मी पूर्ण सोडून दिलेला नाही. तो दुरुस्ती म्हणून नको, पण तपासणी म्हणून उत्तम आहे. एक ठरावीक व्होल्टेज संदर्भावरूनच घेऊन तिसऱ्या मार्गावर मोजत राहिलं, तर उद्या प्लगमधला एखादा टाका सैल झाला की आकडा हलून ते लगेच सांगेल.

लेखी नोंद ठेवण्याचं काम मात्र शेवटपर्यंत थांबायला नको होतं. ज्याने १८ किलोओहमचे रेझिस्टर घातले त्याने एक चिठ्ठी ठेवली असती तर आमचं निदान एका दिवसात झालं असतं. आता प्लगच्या टोपणाला आतून कागद चिकटवला आहे : पिन १४ संदर्भ, पिन ८ ग्राउंड, १५ खांदा, ७ कोपर. पट्ट्यांच्या लांब्या, दोन्ही पॉटचे शून्य आणि नव्वद अंशांचे आकडे, आणि कोपराचा पॉट का फिरवून बसवला आहे ते मामांच्या साठानोंद वहीत, त्या यंत्राच्या पानावर लिहिलं आहे. पुढच्या सत्रात सर मुलांकडून लोणारच्या पाण्याची कड मोजून घेणार आहेत, म्हणजे विवराचा किती भाग तळ्याने व्यापला आहे ते निघेल.